पिकअप मागून बसलाय, ट्रॉलीचं चाक तापतंय: पाटा वाढवण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षं वापरलेला पिकअप रिकामा असतानाही मागून खाली बसलेला दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पाटा (मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवायचा विचार आहे. हौद्यात चेकर प्लेट (उंचवट्यांच्या नक्षीची लोखंडी प्लेट) आणि वर पाइपचा पिंजरा आधीच बसवून घेतलाय. घरच्या दोन चाकी ट्रॉलीचं डावं चाक तापतं, मागचे दिवे मनात आलं तर लागतात. ऊसतोड सुरू व्हायच्या आत यातलं घरच्या घरी काय करता येईल?

बरंचसं करता येईल. फक्त पाटा वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी ठेवा. गाडी का बसली हे कळल्याशिवाय घातलेला पाटा दुखणं झाकतो, आणि ते पुढे ब्रेकमध्ये नाहीतर चेसिसमध्ये बाहेर पडतं.

आधी काट्यावर न्या

पहिलं काम पान्याला हात न लावता होतं. टाकी भरा, हौदा झाडून रिकामा करा, स्टेपनी आणि जॅक जागेवर असू द्या आणि गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. चालक खाली उतरल्यावर पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरं. पहिला आकडा आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. तुमच्या गाडीत फरक दोनशे किलोच्या आसपास निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. हिशेब सरळ आहे.

३ मिमीची चेकर प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते. नऊ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा म्हणजे ४.६ चौरस मीटर, म्हणजे ११५ किलो. पिंजऱ्याला ४० मिमी चौकोनी, ३ मिमी जाडीचा पाइप वापरला असेल तर तो मीटरला साडेतीन किलो; तीस मीटर पाइप गेला तरी १०५ किलो. दोन्ही मिळून २२० किलो, म्हणजे टोमॅटोचे वीस किलोचे अकरा क्रेट कायमचे गाडीत. गाडी रिकामी उभी असली तरी हे अकरा क्रेट उतरत नाहीत आणि पाट्यांना कधीच मोकळं व्हायला मिळत नाही. त्यावर आरसीतल्या क्षमतेइतका माल भरला की गाडी दरवेळी सव्वादोनशे किलोंनी ओव्हरलोड धावते.

म्हणून पिंजरा हलका करता येतो का बघा. उभ्या पट्ट्यांना ३ मिमीऐवजी २ मिमी जाडीचा पाइप पुरतो. तो मीटरला अडीच किलोच्या आत बसतो. खालची चौकट आणि कोपऱ्यांचे खांब तेवढे ३ मिमीचे ठेवा, ताण तिथेच येतो. चेकर प्लेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भाजीपाला, क्रेट, पोती वाहणाऱ्या गाडीत ती नको. वजनापेक्षाही मोठं कारण गंज. मूळ पत्रा आणि प्लेट यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि ते सुकायला वाटच नसते. त्यात खताची पोती वाहिली असतील तर आणखी वाईट, कारण पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि ते मिठासारखंच लोखंड खातं. वरून प्लेट चकचकीत दिसते, खाली मूळ पत्र्याचा भुगा झालेला असतो. हौद्याखाली आडवं पडून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर ठोकून बघा. टण् आवाज आला तर धातू शाबूत. दबका आवाज आला आणि पापुद्रा सुटला तर प्लेट काढावीच लागेल.

प्लेटऐवजी १२ मिमीचा शटरिंगचा प्लायवूड घाला. तो चौरस मीटरला साडेआठ किलोच्या आसपास असतो, म्हणजे पूर्ण हौद्याला चाळीस किलोच्या आत. कापलेल्या कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू ऑइलपेंटने दोन हात रंगवा, नाहीतर पाणी कडेनेच शिरतं आणि थर सुटतात. मूळ पत्र्याच्या पाणी जाणाऱ्या भोकांसमोर प्लायवूडलाही भोकं ठेवा. बोल्ट असे लावा की वर्षातून दोनदा प्लायवूड उचलून खालचा पत्रा धुता येईल.

पाटे बसलेत की तुटलेत

जादा लोखंड उतरवल्यावर सपाट जागेवर गाडी उभी करा. सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम. चारही टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, मग मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या चौकटीपर्यंत सरळ उभं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. डाव्या-उजव्यात १०-१२ मिमीपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर एका बाजूचा पाटा तुटलेला किंवा बसलेला आहे. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर पाट्यांची कमान गेली आहे.

तुटलेला पाटा बाहेरून पटकन दिसत नाही, कारण यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) आणि क्लिपा त्याला धरून ठेवतात. पाण्याने धुऊन, सुकवून, टॉर्च लावून बघा. पाट्यावर आडवी तांबूस रेघ दिसली आणि तिथून गंजाची भुकटी गळत असेल तर ती फट आहे. पाटा कुठे तुटला यावरून कारण कळतं, म्हणून नवा घालण्याआधी तुटलेले तुकडे जुळवून बघाच. सेंटर बोल्टाच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध जोडणाऱ्या बोल्टाच्या, भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट सैल होते. यू-बोल्ट घट्ट असतात तेव्हा मधला भाग वाकतच नाही. ते सैल झाले की वाकण थेट भोकापर्यंत पोहोचतं, आणि पाटा तिथेच सगळ्यात कमजोर असतो. बुश (पिनेभोवतीची रबरी नळी) बसतो त्या वळवलेल्या टोकाजवळ तुटला असेल तर शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) जाम आहे का बघा. शॅकल हलला नाही तर पाट्याला लांब व्हायला जागा मिळत नाही आणि सगळा मार टोकावर येतो.

यू-बोल्टची खूण म्हणजे खालच्या प्लेटच्या कडेला घासून चमकलेला पट्टा. तो दिसला तर अॅक्सल जागेवर सरकतो आहे. वेळीच लक्ष दिलं नाही तर सेंटर बोल्ट कापला जातो, एका बाजूचा अॅक्सल मागे जातो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते. मागून चालणाऱ्याला हे लगेच दिसतं, चालवणाऱ्याला फक्त स्टीअरिंग वाकडं वाटतं.

घरी करण्यासारखं: शॅकलचे बुश बदलणं, यू-बोल्ट बदलणं, ग्रीस निपल असतील तिथे ग्रीस मारणं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर लावा, गाडी चेसिसवरून उचला, चेसिसखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड) ठेवा आणि अॅक्सलला वेगळ्या जॅकचा आधार द्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. वीट आधी सूचना न देता फुटते.

एकदा काढलेला यू-बोल्ट परत वापरू नका. तो ताणलेला असतो आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. एकेक नट एकदम पूर्ण आवळू नका. तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत आवळा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या आणि टॉर्क पाना भाड्याने आणा. १०० किमी धावल्यावर पुन्हा आवळा, शक्यतो गाडीत माल असताना. रबरी बुशच्या पिनचा नट मात्र गाडी खाली उतरवून, पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळायचा. हवेत लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बुश वारंवार जाण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे, बुशच्या कंपनीला दोष देण्याआधी ते तपासा.

पाट्यांचा जुडगा उघडणं मात्र पाटेवाल्याकडे न्या. घरीच करायचं असेल तर सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्हीकडे एकेक मजबूत सी-क्लॅम्प लावल्याशिवाय नट फिरवू नका. पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात आणि बोल्ट सुटताच उसळतात.

कमान गेलेली असेल तर दोन पर्याय सांगितले जातील: ठोकून कमान वाढवणं किंवा नवे पाटे. थंड स्थितीत ठोकलेली कमान एखादा हंगाम टिकते. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा घेऊ नका; स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात तेलात विझवून आणि परत ठरावीक उष्णतेला तापवून जो ताठपणा दिलेला असतो तो भट्टीत निघून जातो. मूळ मापाचे नवे पाटे, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, हेच शेवटी स्वस्त पडतं.

जादा पाट्याने नेमकं काय होतं

पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा घातला तर जाडी सव्वापट होते, ताठपणा मात्र जवळपास दुप्पट. दुकानातला माणूस "थोडा जाड घाला" म्हणतो तेव्हा तो दोन पाटे वाढवायला सांगत असतो. रिकामी गाडी मग खड्ड्यात उडते, मागचं चाक क्षणभर रस्ता सोडतं आणि हौद्याच्या चौकटीचे सांधे तडकायला लागतात.

ब्रेकचा मुद्दा याहून गंभीर आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिसवर बसवलेला छोटा व्हॉल्व्ह, त्याला ब्रेकच्या नळ्या, आणि त्याच्यापासून अॅक्सलपर्यंत गेलेली एक कांडी किंवा स्प्रिंग अशी त्याची ओळख. चेसिस अॅक्सलच्या किती जवळ आलंय यावरून हा व्हॉल्व्ह गाडीत किती माल आहे हे ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब सोडतो. तुम्ही पाटा वाढवून गाडी दोन इंच उचलली की हौदा भरलेला असला तरी व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, आणि घाटात माल घेऊन उतरताना गाडी थांबायला जास्त अंतर घेते. उलट, पाटे बसलेल्या गाडीत रिकाम्या फेरीला व्हॉल्व्हला माल आहे असं वाटतं आणि पावसात मागची चाकं लॉक होतात. तुमचा पिकअप हल्ली ओल्या रस्त्यावर मागून घसरतोय असं वाटत असेल तर टायरबरोबर हेही तपासा. कांडीची लांबी अंदाजाने कमी-जास्त करू नका. ती पुस्तिकेतल्या मापानेच बसवावी लागते.

आणखी दोन परिणाम. मागचा भाग उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. ४०-५० च्या वेगाला खालून थरथर यायला लागली तर क्रॉस जॉइंट आणि सेंटर बेअरिंग झिजायला सुरुवात झाली समजा. आणि हेडलाइटचा झोत रस्त्यात खाली येतो, तो पुन्हा लावून घ्यावा लागतो.

कायद्याने पाहिलं तर पाटा वाढवल्याने आरसीवरची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम १८२ए प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. फेऱ्या एकने वाढवणं यापेक्षा केव्हाही बरं.

ट्रॉलीचं तापणारं चाक

हे काम घरी, एका सकाळी होण्यासारखं आहे आणि ते याच आठवड्यात करा. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक नसेल तर हब (चाकाचा मधला भाग) तापण्याचं कारण बहुधा बेअरिंगच असतं. तापलेलं बेअरिंग भरल्या ट्रॉलीखाली अडकलं तर स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते अॅक्सलचं टोक) कापून चाक निघतं.

सामान: एमपी-३ किंवा एपी-३ लिथियम ग्रीसचा एक किलोचा डबा (दोन हबना पुरतो), दोन नवे ऑइल सील, दोन नव्या स्प्लिट पिना, दोन लिटर डिझेल किंवा रॉकेल, पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा गोल दांडा, हातोडी, पाना. पाट्यांना मारायचं साधं चेसिस ग्रीस चाकात वापरू नका. ते कॅल्शियमचं असतं आणि शंभर अंशांच्या आतच पातळ होऊन वाहून जातं. लिथियम ग्रीस दीडशे अंशांच्या पुढेही टिकून राहतं. दोन जातींचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका, म्हणून जुनं पूर्ण धुऊन काढायचं.

रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकाला पाचर लावा. जॅक अॅक्सलच्या मधोमध लावू नका, चाकाजवळ पाट्याच्या बैठकीखाली लावा, आणि लगेच घोडी सरकवा. डंपिंगची ट्रॉली असेल तर हौदा खालीच असू द्या. हायड्रॉलिकवर उचललेल्या हौद्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणीही वाकायचंसुद्धा नाही.

उघडण्याआधी चाक वरून-खालून धरून हलवा आणि प्ले (ढिलेपणा) किती आहे ते बघा. मग एक हात पाट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर ते कानाला कळायच्या आधी पाट्यावरच्या तळव्याला कळतं, वाळूवर काही फिरतंय तशी खरखर लागते. उजव्या चाकालाही हेच करून दोन्हींची तुलना करा.

डस्ट कॅप काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, कॅसल नट (खाचांचा नट) काढा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं छोटं बेअरिंग हातात येतं, ते मातीत पडू देऊ नका. आता ग्रीस बघा, इथे बरंच काही समजतं. दुधी किंवा चहासारख्या रंगाचं ग्रीस म्हणजे आत पाणी गेलंय. ओढ्यातून, कॅनॉलच्या पाण्यातून गरम हब घेऊन गेलात की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी ओढून घेते. काळं, करपट वासाचं ग्रीस म्हणजे नट जास्त आवळलेला होता किंवा ग्रीस संपलेलं होतं. बोटांत चोळून चकाकणारे कण दिसले तर बेअरिंगच्या पोलादाचे पापुद्रे सुटतायत.

बेअरिंग डिझेलमध्ये ब्रशने धुवा, कोरडं करा. हवेच्या पाइपाने गरागरा फिरवू नका. रोलर एकेक करून उजेडात बघा. निळसर-जांभळा रंग आला असेल तर पोलाद भाजलंय, टाकून द्या. कपावर (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) रोलरच्याच अंतराने काळ्या रेघा असतील तर ट्रॉली पाण्याने भिजून बराच काळ एका जागी उभी होती, रेघेच्या जागी गंजाने खड्डे पडले आहेत, हेही बाद. नुसता करडा, एकसारखा पॉलिश झालेला पट्टा चालतो.

नवं घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. टेपर बेअरिंगच्या नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिळतो: ३०२१० म्हणजे आतून ५० मिमी (बाहेरून ९०), ३०२०७ म्हणजे आतून ३५ मिमी. हब उघडायच्या आधी दुकानात जाऊन "ट्रॉलीचं बेअरिंग द्या" म्हणाल तर चुकीचं मिळेल, कारण गावोगावचे ट्रॉलीवाले वेगवेगळे अॅक्सल वापरतात. बेअरिंग नवं घेतलं की कपही नवाच बसवायचा. जुन्या कपात नवे रोलर महिन्याभरात जुने होतात. कप काढताना दांडा आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंवर ठोका, एका बाजूला ठोकलात तर तो तिरका होऊन हबला ओरखडा पाडतो. नवा कप तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो, भरीव होतो. तो आवाज येईपर्यंत थांबू नका.

ग्रीस भरायची पद्धत: तळहातावर अंड्याएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू तळव्याच्या कडेवर दाबत ओढा. ग्रीस रोलर धरणाऱ्या पिंजऱ्यातून वर, अरुंद बाजूने शेवया निघाल्यासारखं बाहेर आलं की थोडं फिरवा आणि पुढचा भाग भरा. बाहेरून लेप दिलेलं बेअरिंग भरल्यासारखं दिसतं, आतून कोरडंच असतं. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मं ग्रीस पुरे. ठासून भरलं तर ते घुसळून स्वतःच तापतं आणि सील बाहेर ढकलतं. सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, ग्रीसकडे. ओठाला बोटाने ग्रीस लावूनच स्पिंडलवर चढवा. सील बसते तिथे स्पिंडलवर गंजाचे चट्टे असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर नवं सील आठ दिवसांत कापलं जाईल.

आता नट. चाक हाताने फिरवत राहा आणि साध्या पान्याने नट आवळत जा, चाक जड होईपर्यंत. यामुळे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा, पुन्हा नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आणा आणि स्प्लिट पिनेचं भोक जुळेल तेवढाच मागे घ्या. सहा खाचांचा नट असेल तर हे मागे घेणं जास्तीत जास्त एक षष्ठांश फेरा होतं. चाक वरून धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल इतका प्ले राहिला पाहिजे. "प्ले नको" म्हणून पाइप लावून आवळलेला नट हेच तापणाऱ्या चाकामागचं नेहमीचं कारण, आणि तुमच्या डाव्या चाकाचंही तेच निघायची शक्यता मोठी आहे. पिन नवी घाला, टोकं वळवून कापा. जुन्या पिनेच्या जागी तार किंवा खिळा नको.

रिकामी ट्रॉली पाच किलोमीटर फिरवून आणा आणि दोन्ही हबना हात लावा. कोमट चालतं. हात ठेववत नसेल, किंवा डावं-उजवं यांत स्पष्ट फरक असेल तर परत उघडा.

चाक बसवताना नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवा. हंगामाआधी ट्रॉली रंगवायची पद्धत आहे, पण रिम जिथे हबला टेकते तिथला आणि नटाच्या बैठकीतला रंग खरवडून काढा. रंगाचा थर दाबाखाली पातळ होतो आणि घट्ट आवळलेले नट आपोआप सैल पडतात. पन्नास किलोमीटरनंतर एकदा पाना फिरवाच.

दिवे

कधी लागतात कधी नाही, म्हणजे दहातल्या आठ वेळा अर्थिंग. ट्रॉलीची अर्थ बऱ्याचदा वेगळी ओढलेलीच नसते; करंट हिचच्या (ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडाच्या) पिनेतून परत जातो. पिनेला ग्रीस, माती, गंज लागला की दिवे मंद होतात, आणि इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही लुकलुकतो. ही लुकलुक दिसली तर बल्ब बदलत बसू नका. ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांपर्यंत २.५ चौरस मिमीची स्वतंत्र अर्थ वायर ओढा, बाकीच्या वायरी १.५ च्या चालतील.

सात पिनांच्या सॉकेटची प्रचलित जोडणी अशी: १ डावा इंडिकेटर, २ फॉग किंवा जादा सप्लाय, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक लाइट, ७ डावा टेल. रंगांवर विसंबू नका. आधीच्या वायरमनने हाताला लागेल ती वायर वापरलेली असते, टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक पिन तपासा. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी सोल्डर करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वायर फ्लेक्सिबल पाइपातून, चेसिसच्या आतल्या बाजूने न्या. बाहेरून नेलेली वायर ऊस भरताना पहिल्याच दिवशी तुटते. एलईडी लावलेत आणि इंडिकेटर भराभर उघडझाप करायला लागला तर बिघाड नाही. जुन्या फ्लॅशरला बल्बचा लोड कमी पडतोय, एलईडीला चालणारा फ्लॅशर लावा.

उसाच्या ट्रॉलीत एक गोष्ट खास सांगायची. मोळ्या मागे लोंबतात आणि दिवे, रेडियम दोन्ही झाकले जातात. दिवे ट्रॉलीला कायमचे न बसवता एका फळीवर बसवा. टेल लॅम्प, इंडिकेटर, लाल रेडियमची पट्टी सगळं त्या फळीवर, वायर तीन-चार मीटर मोकळी, आणि फळी भरलेल्या उसाच्या मागच्या टोकाला दोरीने बांधा. कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस टाकायच्या जागी) ट्रॉली खाली करताना फळी सोडून केबिनजवळ ठेवता येते. ट्रॉलीवर स्वतंत्रपणे मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी अशी दोन इंची रिफ्लेक्टिव्ह पट्टी लावाच. पत्रा थिनरने पुसून, कोरडा करून लावली तर चिकटते. बंद पडलेली, अंधारात उभी ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. या पट्टीचा खर्च बघू नका.

बाकीचं

हिचची पिन कठीण पोलादाची, कंपनीची घ्या. सळई कापून केलेली पिन वाकते. ट्रॉलीच्या कानाचं भोक लंबगोल झालं असेल तर बुश ठोकून घ्या. पिनेला वरून लॉक आणि दांडीखालून आडवी नेलेली सेफ्टी चेन, दोन्ही हवं. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि चढाला घसरतात, म्हणून थर पुढून भरत या. उतारावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजेत. एकच दाबला गेला तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं ढकलते.

पिंजऱ्याचं वेल्डिंग परत करायचं झालं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. दूर लावलीत तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि रोलरवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. पिकअपमध्ये ईसीयू (इंजिनाचा संगणक) जाण्याची भीती वेगळी. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डही करू नका. पाट्यावर वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू देऊ नका, तिथूनच पुढे तडा जातो. ओलं गोणपाट झाकून ठेवा.

पिकअप बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरचा, तर ऊसतोडीच्या फडात एक खबरदारी घ्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करत असताना सायलेन्सरच्या आतली उष्णता ५५०-६०० अंशांपर्यंत जाते. डॅशबोर्डवर तो दिवा लागलेला असताना गाडी वाळल्या पाचटावर उभी करू नका. पाणंदीवर मोकळ्या मातीत लावा आणि क्रिया पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करू नका.